गणितज्ञ स्टीफन क्लेनी आणि त्यांची तारका



वार्तापत्राच्या या पानावर आम्ही थोरामोठ्यांची चरित्रे देत असतो. या वेळी एका तर्कशास्त्रज्ञाचा परिचय करून देत आहोत. संगणकाच्या कीबोर्डवर आठच्या आकड्याबरोबर एक लहानशी तारका (*) छापलेली असते. ती गुणाकारासाठी वापरतात हे पाचवीच्या मुलालाही ठाऊक आहे. परंतु तिला दुसराही एक अर्थ आहे. तो असा की, आधीची गोष्ट कितीही वेळा आली तरी चालेल, अगदी एकदाही आली नाही तरी चालेल. हा अर्थ ज्यांच्या कामातून आला, ते स्टीफन कोल क्लेनी. जगभरचे संगणकशास्त्राचे विद्यार्थी या चिन्हाला क्लेनींची तारका म्हणतात. सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्राममधल्या मेमरीच्या, म्हणजे संगणकाच्या स्मृतीच्या, चुका हुडकणाऱ्या मंडळींचे तर या तारकेवाचून पान हलत नाही.

प्रथम नावाविषयी. इंग्रजी स्पेलिंग पाहून बरेच लोक त्यांचे आडनाव क्लीन असे वाचतात. ते स्वतः क्लेनी असा उच्चार करीत. त्यांच्या मुलाने पुढे गमतीने असे लिहून ठेवले आहे की हा उच्चार कोणत्याच भाषेच्या नियमात बसत नाही, तो वडिलांनी स्वतःच शोधून काढलेला दिसतो. आम्ही त्यांचाच उच्चार प्रमाण मानला आहे.

क्लेनी यांचा जन्म ५ जानेवारी १९०९ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड या गावी झाला. वडील अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आई कविता लिहीत असे. मेन राज्यात त्यांच्या कुटुंबाची शेतवाडी होती, आणि पुढे कोठेही राहिले तरी आपले घर म्हणजे मेन, असेच ते मानत. डोंगर चढण्याची आणि रानावनात हिंडण्याची आवड त्यांना आयुष्यभर पुरली. १९३० साली ॲमहर्स्ट कॉलेजातून पदवी घेऊन ते प्रिन्स्टन विद्यापीठात गेले. तेथे अलोन्झो चर्च हे तरुण प्राध्यापक सर्व गणिताला पायाभूत ठरेल अशी तर्काची एक नवी पद्धती रचत होते. क्लेनी त्यांचे शिष्य झाले.

चर्च यांच्या पद्धतीत आकडेसुद्धा मुळातून बांधावे लागत. एक मिळवणे सोपे निघाले, पण एक वजा करणे काही केल्या जमेना. हे या पद्धतीत होणारच नाही, असे स्वतः चर्च यांचे मत होत चालले होते. १९३२ च्या सुमारास क्लेनी दंतवैद्याकडे अक्कलदाढ काढून घेण्यासाठी गेले असता त्यांना त्याची युक्ती सुचली. एकातून एक जाऊन शून्य उरते हे आपण पहिलीत शिकतो. या गृहस्थांना ते दाढ उपटून घेताना सापडले, असे म्हणायला हरकत नाही.

यानंतरची घटना आम्हाला त्यांच्या चरित्रातली सर्वांत महत्त्वाची वाटते. क्लेनी आणि त्यांचे सहाध्यायी बार्कली रॉसर हे दोघे चर्च यांच्याच पद्धतीचा कसून अभ्यास करीत होते. तो करता करता त्यांच्या लक्षात आले की या पद्धतीत एक मूलभूत विसंगती आहे. तिच्यातून कोणतेही विधान सिद्ध करता येते, खरेही आणि खोटेही. म्हणजे ती पद्धती गणिताचा पाया होऊ शकत नाही. हा निष्कर्ष १९३५ साली प्रसिद्ध झाला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की क्लेनी यांचा स्वतःचा डॉक्टरेटचा प्रबंधही याच पद्धतीवर उभा होता. गुरूच्या घराची भिंत खचलेली दाखवायची, आणि त्याच घरात आपलेही बिऱ्हाड, असा तो प्रसंग. तरीही दोघांनी ते दाखवले. चर्च यांनीही ते मान्य करून पद्धतीतला निर्दोष भाग वेगळा काढला. तो भाग लॅम्डा कॅल्क्युलस या नावाने आजही शिकवला जातो, आणि त्यात विसंगती नाही हे चर्च आणि तेच रॉसर यांनी मिळून १९३६ मध्ये सिद्ध केले. फळ्यावरची चूक विद्यार्थ्याने दाखवली की डोळे वटारण्याची रीत आमच्या पेशात पुष्कळ ठिकाणी आहे. प्रिन्स्टनच्या त्या वर्गात ती नव्हती, हे त्या वर्गाचे भाग्य.

१९३४ मध्ये कुर्ट गोडेल यांनी प्रिन्स्टनला व्याख्याने दिली, तेव्हा त्यांची टिपणे घेण्याचे काम याच दोघांकडे होते. ती टिपणे चक्रमुद्रित करून वाटली गेली, आणि पुढे कित्येक वर्षे अभ्यासकांनी त्यांवरच गुजराण केली. त्याच वर्षी क्लेनी यांना डॉक्टरेट मिळाली. १९३५ पासून ते मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवू लागले. मधला एक काळ ॲमहर्स्टला गेला. १९४२ मध्ये विवाह झाला आणि त्याच वर्षी ते अमेरिकेच्या नौदलात दाखल झाले. तेथे काही काळ तरुण अधिकाऱ्यांना नौकानयनाचे गणित शिकवले, काही काळ नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत काम केले. १९४६ साली ते मॅडिसनला परतले आणि निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

या वर्षांत त्यांचे मुख्य काम एका प्रश्नाभोवती फिरत होते. कोणती गोष्ट ठरावीक रीतीने, पायरीपायरीने, यंत्रवत काढता येते आणि कोणती येत नाही? चर्च, गोडेल, इंग्लंडचे ॲलन ट्युरिंग आणि क्लेनी यांनी या प्रश्नाची वेगवेगळ्या अंगांनी उकल केली आणि सर्वांच्या वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या. काही प्रश्न असे असतात की त्यांना सर्व बाबतींत लागू पडेल अशी रीत कोणी शोधलेली नाही एवढेच नव्हे, तर ती असूच शकत नाही. १९५२ साली क्लेनी यांनी या सर्व विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. तो एका संपूर्ण पिढीचे पाठ्यपुस्तक ठरला.

आता तारकेकडे वळू. १९५१ च्या उन्हाळ्यात क्लेनी कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे रँड या संशोधन संस्थेत काम करीत होते. तेथे त्यांच्यापुढे एक जुना निबंध आला. मॅककलक हे मेंदूचे अभ्यासक आणि पिट्स हा अवघा वीस वर्षांचा तरुण, या दोघांनी १९४३ साली मज्जापेशींच्या जाळ्याचे एक गणिती चित्र मांडले होते. अशा जाळ्याला नेमके काय काय ओळखता येईल, हा क्लेनी यांच्यापुढचा प्रश्न होता.

हे समजण्यासाठी शाळेच्या फाटकावरचा एक पहारेकरी डोळ्यांपुढे आणा. त्याच्यासमोरून एकेक अक्षर जाते. त्याच्याजवळ वही नाही, पेन्सिल नाही. फक्त खाली आखलेल्या तीन-चार चौकटी आहेत आणि अक्षर पाहून त्याने या चौकटीतून त्या चौकटीत पाऊल टाकायचे. आपण कोणत्या चौकटीत उभे आहोत एवढीच त्याची आठवण. शेवटचे अक्षर गेल्यावर तो ठरलेल्या चौकटीत असेल तर मालिका मान्य, नसेल तर अमान्य. क्लेनी यांनी असे सिद्ध केले की असा पहारेकरी ज्या मालिका ओळखू शकतो त्या सर्व केवळ तीन क्रियांनी लिहून दाखवता येतात. एक, हे किंवा ते. दोन, याच्या पाठोपाठ ते. तीन, हेच पुन्हा पुन्हा, कितीही वेळा. आणि उलटही खरे आहे : या तीन क्रियांनी जे लिहिता येते ते सर्व असा पहारेकरी ओळखू शकतो. तिसरी क्रिया म्हणजेच तारका. 'कख*ग' असे लिहिले तर त्यात कग बसते, कखग बसते, कखखखग बसते. खगक बसत नाही.

क्लेनी यांनी अशा मालिकांना रेग्युलर, म्हणजे नियमित, असे विशेषण लावले. पण हे नाव त्यांना स्वतःलाही फारसे पसंत नसावे, कारण याहून समर्पक शब्द कोणी सुचवल्यास स्वागत आहे, असे त्यांनी निबंधातच नमूद केले आहे. कोणी सुचवला नाही, आणि तेच नाव रूढ झाले. परिभाषेचे असेच होते. आम्ही हिंदी माध्यमातून पदवी घेतली, तेव्हा समुच्चय म्हणत असू. मराठी पाठ्यपुस्तकात त्यालाच संच म्हणतात. वस्तू एकच. क्लेनी यांचा निबंध १९५१ मध्ये रँडच्या अंतर्गत टिपणाच्या रूपात आणि १९५६ मध्ये ग्रंथात प्रसिद्ध झाला. त्यात संगणकावर शब्द शोधण्याचा उल्लेखही नाही. मुळात विषय होता मज्जापेशींचा.

बारा वर्षांनी, १९६८ साली, केन थॉम्प्सन या बेल प्रयोगशाळेतील अभियंत्याने या गणिताचा व्यवहारात उपयोग केला. मजकुरात विशिष्ट घडणीचे शब्द शोधायचे असतील तर ती घडण क्लेनी यांच्या पद्धतीने लिहायची आणि संगणकाने तिचा पहारेकरी बनवून मजकुरावर सोडायचा. १९७३ मध्ये त्यांनी याच कामासाठी ग्रेप नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. फायलींचा ढीग त्याच्यापुढे टाकावा, आपली घडण सांगावी, की ती जेथे जेथे आढळते त्या ओळी तो काढून देतो. गव्हाच्या पोत्याला चाळण लावावी तसे हे काम.

त्याच प्रयोगशाळेत त्याच सुमारास डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली. ती वेगवान आहे, आटोपशीर आहे, आणि वापरणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकते. हा विश्वासच अडचणीचा ठरतो. आपल्या शाळेचा प्रवेश-अर्ज आठवा. नावासाठी २० चौकोन छापलेले असतात आणि त्यांच्या लगेच पुढे जन्मतारखेचे चौकोन. एखाद्या मुलाचे नाव २५ अक्षरांचे निघाले तर आपले कार्यालयीन लिपिक थांबतात, विचारतात. सी भाषा थांबत नाही. ती उरलेली पाच अक्षरे जन्मतारखेच्या चौकोनांत लिहून मोकळी होते. तारीख गेली. पुढे ती तारीख कोणी वाचली की सगळा हिशेब बिघडतो, आणि बिघाड दिसतो भलतीकडेच. याला बफर ओव्हरफ्लो म्हणतात. दुसरी चूक अशी की कपाट शाळेला परत केले, पण जुनी किल्ली खिशातच ठेवली आणि महिन्याभराने तीच लावून उघडले. आत आता दुसऱ्याचे सामान आहे. तिसरी, ग्रंथालयातून पुस्तके नेत राहायची आणि परत करायचीच नाहीत. एका दिवशी शेल्फ रिकामे. मेमरीच्या बहुतेक चुका या तीन प्रकारांत मोडतात.

इकडे क्लेनी यांची कारकीर्द शिखरावर होती. १९६९ ते १९७४ ते विस्कॉन्सिन विद्यापीठात महाविद्यालयाचे अधिष्ठाता होते. तो काळ व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनांचा. ऑगस्ट १९७० मध्ये त्याच विद्यापीठातील स्टर्लिंग हॉल या इमारतीबाहेर स्फोट घडवला गेला आणि एका तरुण संशोधकाचा जीव गेला. अशा दिवसांत विद्यालयाचा कारभार चालवणे काय असते, याची कल्पना प्रशासन सांभाळणाऱ्यांनाच येईल. १९७९ मध्ये ते निवृत्त झाले. १९८३ मध्ये अमेरिकन गणित परिषदेचे स्टील पारितोषिक आणि १९९० मध्ये तेथील राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मिळाले. फुलपाखरांच्या एका प्रकारालाही त्यांचे नाव देण्यात आलेले आहे.

क्लेनी ७९ वर्षांचे असताना मेमरीच्या चुकीने पहिल्यांदा सर्व जगाचे लक्ष वेधले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्राम इंटरनेटवर आपोआप पसरत गेला. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६००० यंत्रे त्याने ग्रासली. शिरण्याच्या त्याच्या वाटा अनेक होत्या. त्यांतली एक अशी होती : फिंगर नावाची एक सेवा बाहेरून आलेली ओळ वाचून घेण्यासाठी सी भाषेतले गेट्स हे फंक्शन वापरत होती. जागा ठेवली होती ५१२ अक्षरांची. प्रोग्रामने पाठवली ५३६. जादाची अक्षरे नेमक्या त्या जागी जाऊन पडली जेथे पुढे कोठे जायचे याचा पत्ता लिहिलेला असतो, आणि यंत्र पाहुण्याच्या हुकमात गेले. गेट्सचा दोष असा की किती अक्षरे घ्यायची हे त्याला सांगण्याची सोयच नाही. ते जेथे वापरले आहे तेथे धोका आहे, अपवाद नाही. अखेर २०११ च्या प्रमाणकात ते सी भाषेतून काढून टाकण्यात आले.

अशी चूक शोधायला ग्रेपसारखे साधन नाही. हजारो ओळींच्या कोडमध्ये 'गेट्स' शोधा, झाले. परंतु इतके सरळ शोधल्यास 'एफगेट्स' हे त्याचे सुरक्षित भावंडही हाती येते, कारण त्याच्या पोटात गेट्स आहेच. ते मर्यादा विचारून घेते, त्याला कशाला पकडायचे? म्हणून घडण नीट लिहावी लागते : आधी अक्षर नको, मग गेट्स, मग मोकळी जागा आणि तिच्यावर तारका, मग उघडा कंस. कोणी कंसापूर्वी जागा सोडतो, कोणी सोडत नाही, कोणी तीन वेळा स्पेसबार दाबतो. तारका या सर्वांना सामावून घेते. क्लेनी यांनी मज्जापेशींसाठी केलेली सोय येथे अशी कामाला आली.

याच रीतीने आणखी पुष्कळ सापडते. सी भाषेत शब्दाच्या शेवटी खूण म्हणून एक शून्य ठेवावे लागते. म्हणजे पाच अक्षरांच्या शब्दाला सहा जागा लागतात. घाईत लिहिणारा मनुष्य लांबी मोजतो आणि तेवढीच जागा मागतो. तेव्हा 'मॅलॉक' या जागा मागणाऱ्या फंक्शनच्या कंसात 'स्ट्रलेन' हे लांबी मोजणारे फंक्शन आहे पण पुढे अधिक एक नाही, अशा ओळी शोधाव्यात. एका जागेची ती चूक असते, पण त्या एका जागेत दुसऱ्याचे काहीतरी असते. तसेच 'स्ट्रकॉपी' आणि 'स्प्रिंटएफ' ही फंक्शने. ती जेथे आहेत तेथे जागा पुरते की नाही हे जाऊन पाहावे.

एक उदाहरण विशेष मनोरंजक आहे. मिळालेली जागा अपुरी पडली की 'रीॲलॉक' हे फंक्शन ती वाढवून देते. वाढवता आली नाही तर ते नकार कळवते, पण जुनी जागा तशीच राहू देते. आता प्रोग्राम लिहिणाऱ्याने उत्तर त्याच नावात साठवले असेल तर नकार येताच जुन्या जागेचा पत्ता पुसला जातो. जागा आहे, पण तिचा मालक हरवला. ही चूक शोधायची तर बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे आणि कंसाच्या आत तेच नाव दोनदा आले आहे का, हे पाहावे लागते. आणि येथे आपला पहारेकरी हतबल होतो! आधी कोणते नाव गेले हे आठवायला त्याच्याजवळ वही नाही, आणि नावे तर कितीही लांब असू शकतात. आजचा ग्रेप हे करून दाखवतो, पण त्यासाठी त्याला क्लेनी यांच्या तीन क्रियांबाहेरची एक जादा सोय जोडलेली आहे.

कंसांचेही तसेच. कंसात कंस, त्यात आणखी कंस, असे कितीही खोल गेले तर ते मोजायला मोजक्या चौकटी पुरत नाहीत. मागितलेली प्रत्येक जागा प्रत्येक वाटेने परत केली आहे का, हे ओळींच्या रूपावरून कळत नाही. शिवाय ग्रेपला अर्थ समजत नाही. कोणी टिप्पणीत गेट्स वापरू नका अशी सूचना लिहिली असेल, तर ती ओळही तो आरोपी म्हणून आणून उभी करतो. मग थोडे हुशार यंत्र बनवले तर? येथे क्लेनी यांच्या पहिल्या आयुष्यातले काम पुन्हा आडवे येते. कोणताही प्रोग्राम दिला असता तो चालताना अमुक चुकीपर्यंत पोहोचेल की नाही, हे दर वेळी अचूक सांगणारी सार्वत्रिक रीत असू शकत नाही. ते आणि त्यांचे समकालीन यांनी घातलेल्या पायावरच हे सिद्ध झालेले आहे. शोधाचे साधन ज्यांच्या गणितातून आले, त्या शोधाची हद्दही बऱ्याच अंशी त्यांनीच आखून ठेवली होती.

क्लेनी २५ जानेवारी १९९४ रोजी मॅडिसन येथे निवर्तले. नंतर २००१ मध्ये फ्लॉफाइंडर नावाचा एक प्रोग्राम आला. धोकादायक फंक्शनांची यादी जवळ बाळगून तो सी भाषेचे कोड तपासतो आणि धोक्याच्या पायरीप्रमाणे ओळी मांडून देतो. प्रोग्राम चालू असताना मेमरीवर नजर ठेवणारी साधनेही आली. व्हॅलग्राइंड त्यांपैकी एक. इतके असूनही २०१४ मध्ये काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

७ एप्रिल २०१४ रोजी हार्टब्लीड ही चूक जाहीर झाली. ओपनएसएसएल हे बँका, टपाल, दुकाने अशा असंख्य संकेतस्थळांचा गुप्त व्यवहार सांभाळणारे सी भाषेतील कोड होते, आणि त्यात ही चूक मार्च २०१२ पासून वापरणाऱ्यांच्या यंत्रांत बसलेली होती. दोन यंत्रे अधूनमधून एकमेकांना जागे आहेस ना, असे विचारतात. विचारणारा एक छोटी चिठ्ठी देतो, तिच्यात किती अक्षरे आहेत ते सांगतो, आणि तीच परत मागतो. कोणी चार अक्षरांची चिठ्ठी देऊन ६४,००० अक्षरे आहेत असे सांगितले, तर पलीकडचे यंत्र मोजून न पाहता चार अक्षरे उतरवी आणि पुढे शेजारच्या मेमरीत जे असेल ते उतरवत जाई. त्यात कोणाचे पासवर्ड असत, कोणाच्या गुप्त किल्ल्या. सर्व जण सारख्याच भरवशाने वापरत असलेल्या वस्तूत दोन वर्षे हे भोक होते. दुरुस्तीला मोजक्या ओळी पुरल्या : सांगितलेली लांबी मिळालेल्या मजकुरापेक्षा जास्त असेल तर चिठ्ठी फेकून द्यावी.

ती ओळ ग्रेपला सापडली नसती का? सापडली असती, पण शेकडो ओळींत. तीत 'मेमकॉपी' हे नेहमीचे फंक्शन होते आणि अशा ओळी त्या कोडमध्ये जागोजागी आहेत. रूपावरून ती इतरांसारखीच निरोगी दिसते. लांबीचा आकडा कोठून आला, तो परक्याने दिलेला आहे का, हे मागे जाऊन वाचणाऱ्यालाच कळणार. मालव्यात घरोघरी गहू भरताना आधी चाळण लावतात, आणि मग आई-आजी ताटात घेऊन खडे निवडतात. गव्हाएवढा खडा चाळणीतून जात नाही, गव्हाबरोबर वरच राहतो. पुष्कळ मुले प्रोग्राम एकदा स्वतःचे नाव घालून चालवतात, चालला की वही मिटतात. ग्रेपने काही दाखवले नाही म्हणूनही वही मिटण्याचा मोह तितकाच आहे.

या सत्रात संगणक विषयाच्या वरिष्ठ विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळेत शनिवारी एक तास ठेवला आहे. सी भाषेतला एक जुना, चुका असलेला प्रोग्राम सर्वांना मिळेल. प्रथम गेट्स शोधायचे, मग स्ट्रकॉपी, मग मॅलॉक. सापडलेली प्रत्येक ओळ वहीत उतरवायची आणि तिच्यासमोर कारण लिहायचे : येथे धोका आहे तो का, किंवा येथे नाही तो का नाही. ज्या ओळीचे कारण लिहिता येणार नाही तिच्यासमोरची जागा कोरी ठेवायची, खोडून किंवा अंदाजाने भरायची नाही. कोऱ्या जागा असलेल्या ओळी पुढच्या शनिवारी सर्वांनी मिळून फळ्यावर वाचायच्या आहेत. पालकांपैकी या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी त्या तासाला अवश्य यावे.